न दिसणाऱ्या द्रव्याचा माग

घरच्या जमाखर्चाच्या वहींत जमेच्या बाजूस शंभर रुपये दिसत असतां खर्चाच्या बाजूस पांचशें रुपये लिहिलेले आढळले, तर कोणीही शहाणा मनुष्य दोहोंपैकीं एक अनुमान काढील. एक तर हिशेब चुकला आहे, किंवा घरांत असा कांहीं पैसा येत आहे कीं ज्याची नोंद वहींत झालेली नाहीं. विश्वाच्या जमाखर्चांत नेमकी हीच अडचण विसाव्या शतकांत ज्योतिर्विदांपुढें उभी राहिली, आणि ती अद्याप पुरती सुटलेली नाहीं. ती सोडविण्याकरितां आकाशाचें निरीक्षण करणारे ज्योतिषी आणि जमिनीखालीं शंभर मीटरांवर कणांच्या टकरी घडवून आणणारे पदार्थविज्ञानवेत्ते एकमेकांचे हिशेब पडताळून पाहूं लागले. त्या पडताळणीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

या इतिहासाचा आरंभ १९३३ सालीं झाला. स्विस ज्योतिर्विद फ्रिट्झ झ्विकी हे त्या वेळीं कॅलिफोर्नियांतील तंत्रविद्यासंस्थेंत संशोधन करीत होते. अरुंधती-केश या तारकापुंजाच्या दिशेस दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे. त्यांतील दीर्घिकांचे वेग त्यांनीं तपासले, तेव्हां ते इतके मोठे आढळले कीं, दिसणाऱ्या ताऱ्यांचेंच गुरुत्वाकर्षण त्यांना बांधून ठेवीत असतें, तर तो समूह केव्हांच विखरून गेला असता. समूह तर विखुरलेला नव्हता. तेव्हां डोळ्यांना न दिसणारें असें विपुल द्रव्य तेथें असलें पाहिजे, असें झ्विकी यांनीं प्रतिपादन केलें. जर्मन भाषेंत लिहिलेल्या आपल्या निबंधांत त्यांनीं त्यास ‘काळें द्रव्य’ अशा अर्थाचें नांव दिलें. त्या काळीं दीर्घिकांचीं अंतरें चुकीचीं मोजलीं जात असल्यामुळें त्यांचा आंकडा पुढें पुष्कळ कमी करावा लागला. पण मूळ मुद्दा टिकला. असें असूनही जवळजवळ चाळीस वर्षें त्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

तें लक्ष वेधून घेण्याचें श्रेय प्रामुख्यानें व्हेरा रूबिन या विदुषीस द्यावें लागतें. पालोमार पर्वतावरील वेधशाळेंत वेध घेण्याची रीतसर परवानगी मिळालेली ही पहिली स्त्री. हें १९६५ सालचें वृत्त आहे. केंट फोर्ड यांच्या साह्यानें १९७० सालीं त्यांनीं देवयानी दीर्घिकेच्या परिभ्रमणाचे वेग प्रसिद्ध केले. आपल्या सूर्यमालेंत सूर्याजवळचा बुध सेकंदास सुमारें ४७ किलोमीटर धांवतो, तर दूरचा नेपच्यून पांच-साडेपांच किलोमीटरच चालतो; कारण बहुतेक सारें वजन मध्यभागीं सूर्यांत एकवटलेलें आहे. दीर्घिकेचें तेजही मध्यभागीं एकवटलेलें असतें. अर्थात् तिच्या कडेचे तारे मंदगतीनें चालावयास हवे होते. परंतु कडेचे तारे आंतल्या ताऱ्यांइतक्याच वेगानें फिरत असल्याचें दिसून आलें. १९८० सालीं एकवीस दीर्घिकांचीं मापें प्रसिद्ध झालीं, तेव्हां हा एखाद्या दीर्घिकेचा स्वभावविशेष नसून सृष्टीचा सर्वसाधारण नियम आहे, हें मान्य करणें भाग पडलें.

पुढें विश्वाच्या बाल्यावस्थेंतील जो मंद प्रकाश सूक्ष्मलहरींच्या रूपानें सर्वत्र पसरलेला आहे, त्याचें मापन उपग्रहांनीं केलें. २००९ सालीं सोडलेल्या प्लांक उपग्रहाच्या मापांवरून जो ताळेबंद निघाला, तो असा: ज्या द्रव्याचे तारे, ग्रह, पर्वत, वृक्ष आणि मनुष्यदेह बनलेले आहेत, तें विश्वाच्या एकंदर भांडवलाच्या शेंकडा पांचच भरतें. कृष्णद्रव्य शेंकडा सुमारें सत्तावीस, आणि उरलेला भाग कृष्णऊर्जेचा. म्हणजे प्रत्येक शेरभर ओळखीच्या द्रव्यामागें पांच शेर अनोळखी द्रव्य आहे. तें विझलेल्या ताऱ्यांचें किंवा थंड वायूचें असावें, ही शंकाही याच मापांनीं निकालांत काढली. कारण साधें द्रव्य किती आहे याचा आंकडा त्यांतूनच स्वतंत्रपणें निघतो. सारांश, कृष्णद्रव्य हें निराळ्याच कशाचें तरी बनलेलें आहे. तें कशाचें, हें दुर्बिणींना सांगतां येत नाहीं. दुर्बीण त्याचें वजन सांगते, जात सांगत नाहीं.

जात सांगण्याची उमेद एका निराळ्याच शास्त्रशाखेनें दाखविली. सृष्टींतील मूलकणांचे दोन वर्ग आहेत. इलेक्ट्रॉन, क्वार्क इत्यादि द्रव्य घडविणारे कण एका वर्गांत पडतात. त्यांस फर्मिऑन म्हणतात. प्रकाशकणासारखे बलाचे वाहक दुसऱ्या वर्गांत पडतात. ते बोसॉन होत. या दोन वर्गांमध्यें एक गूढ सममिति असावी, प्रत्येक फर्मिऑनास एक बोसॉन जोडीदार आणि प्रत्येक बोसॉनास एक फर्मिऑन जोडीदार असावा, ही कल्पना सुपरसिमेट्री किंवा अतिसममिति या नांवानें ओळखली जाते. १९७१ सालीं मॉस्को येथें गोलफांड व लिख्टमन यांनीं, आणि १९७४ सालीं पश्चिम युरोपांत ज्यूलियस वेस व ब्रूनो झुमिनो यांनीं तिची मांडणी केली. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, या मंडळींपैकीं कोणाच्याही मनांत कृष्णद्रव्याचा विचार नव्हता. गणिताच्या आंतरिक सौंदर्यानें ते या वाटेस लागले होते.

परंतु या कल्पनेंतून एक अनपेक्षित फळ निघालें. हे जोडीदार कण जर असतील, तर त्यांपैकीं कोणीही एकटा नाहींसा होऊं शकत नाहीं, असा एक नियम तिच्या बहुतेक मांडण्यांत गृहीत धरावा लागतो; अन्यथा प्रोटॉनसुद्धां फार काळ जगणार नाहीं. जड जोडीदार मोडून त्यांतून हलके जोडीदार निघतील, पण जो सर्वांत हलका, त्यानें मोडावें तरी कशांत? तो चिरंजीवच राहणार. तो जर विद्युद्भारहीन असेल, तर तो प्रकाश देणार नाहीं आणि अडविणारही नाहीं. अशा कणास न्यूट्रालिनो हें नांव मिळालें. १९८३ सालीं गोल्डबर्ग यांनीं आणि १९८४ सालीं जॉन एलिस व त्यांचे चार सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, कृष्णद्रव्याच्या जागेस हा उमेदवार सर्व बाजूंनीं योग्य आहे.

योग्यतेची कसोटी काय, हेंही सांगितलें पाहिजे. आरंभीच्या तप्त विश्वांत असे कण दाटीनें भरलेले होते, आणि दोन कण भेटले कीं ते परस्परांचा नाश करीत. पण विश्व पसरत गेलें. मोठी जत्रा फुटल्यावर माणसें दाही दिशांस पांगतात, आणि मग ओळखीच्या दोघांची गांठ पडणें दुर्घट होतें. तसेंच या कणांचें झालें. भेटी थांबल्या, नाश थांबला, आणि जे उरले ते कायमचे उरले. कणांची परस्परनाशाची प्रवृत्ति प्रबळ असेल तर शिल्लक थोडी राहील. दुर्बळ असेल तर अधिक राहील. १९७७ सालीं बेंजामिन ली व स्टीव्हन वाइनबर्ग यांनीं जड न्यूट्रिनोच्या बाबतींत हें गणित स्पष्टपणें मांडलें. तो लेख छापून येण्यापूर्वींच ली यांचा मोटार-अपघातांत अंत झाला. त्यांच्या या पद्धतीनें न्यूट्रालिनोचें गणित केलें असतां शिल्लक जवळजवळ तितकीच निघूं शकते, जितकी आकाशाच्या वहींत कमी पडत होती. दोन अगदीं भिन्न शास्त्रांचे हिशेब असे जुळावे, याचें शास्त्रज्ञांना इतकें नवल वाटलें कीं त्यांनीं त्यास चमत्कार हेंच नांव दिलें.

पण जुळणारा हिशेब म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा प्रयोगशाळेंत मिळवावयास हवा होता, आणि तेथेंच टक्कर-यंत्रांचें कार्य सुरू होतें. १९८९ सालीं जिनीव्हानजीक सर्न या युरोपीय संस्थेंत २७ किलोमीटर परिघाचें लेप नांवाचें यंत्र चालू झालें. त्यांत इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरींतून झेड हा कण विपुल निर्माण होई. हा कण कधीं दिसणाऱ्या कणांत मोडतो, कधीं न दिसणाऱ्या न्यूट्रिनोंत. त्याच्या मोडण्याचा एकंदर वेग आणि दिसणाऱ्या भागाचा वेग मोजला कीं न दिसणारा भाग वजाबाकीनें निघतो. ती वजाबाकी बरोबर तीन न्यूट्रिनोंइतकी आली. चवथ्यास जागाच उरली नाहीं. तत्पूर्वीं १९८७ सालीं भूगर्भांत ठेवलेल्या जर्मेनियमच्या उपकरणांनीं अधिक जड न्यूट्रिनो कृष्णद्रव्य म्हणून असल्याचा इनकार केला होता. हलक्या बाजूनें लेपनें वाट बंद केली, जड बाजूनें भूगर्भांतील उपकरणांनीं. जड न्यूट्रिनो हा एक मातबर उमेदवार अशा रीतीनें बाद झाला. आकाशांतील द्रव्याविषयीं भूमीवरील टकरींतून निश्चित निर्णय देतां येतो, हें या प्रसंगानें सिद्ध झालें.

न दिसणारा कण यंत्रांत पकडावयाचा कसा, याची युक्ति सोपी आहे. कॅरमच्या फळीवर मध्यभागीं रचलेल्या सोंगट्यांवर वरून सरळ आघात झाला, आणि सर्व सोंगट्या उजव्या बाजूसच उडाल्या, तर पाहणारा काय म्हणेल? डाव्या बाजूस एखादी न दिसणारी सोंगटी गेली असली पाहिजे. टकरीच्या रेषेस काटकोनांत असलेल्या दिशांनीं एकंदर संवेगाची बेरीज शून्य यावयास हवी. ती येत नसेल तर कांहींतरी निसटलें. याच युक्तीनें १९८३ सालीं कार्लो रुबिया यांच्या नेतृत्वाखालील यूए-१ प्रयोगांत डब्ल्यू हा कण सांपडला.

तथापि ही युक्ति दगाही देते. दुसऱ्याच वर्षीं, १९८४ मध्यें, त्याच प्रयोगांत कांहीं विचित्र टकरी आढळल्या. एका बाजूस कणांचा एकच झोत, आणि दुसऱ्या बाजूस कांहींच नाहीं. अतिसममितीचे जोडीदार सांपडले, अशी आशा अनेकांस वाटूं लागली, आणि तिच्या समर्थनार्थ निबंधही निघाले. परंतु पुढील एक-दोन वर्षांत असें उघडकीस आलें कीं, परिचित अशा अनेक लहानसहान प्रक्रियांची बेरीज केली असतां तेवढ्या टकरींचा उलगडा होतो. कोणीं लबाडी केली नव्हती. उणें दिसणाऱ्या प्रत्येक पैशामागें चोरच असतो असें नाहीं, कधीं मोजणाराच चार किरकोळ खर्च लिहावयास विसरलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर न दिसणाऱ्याचा शोध घेण्यापूर्वीं दिसणाऱ्याची मोजदाद शेवटच्या पैपर्यंत करावयाची, ही शिस्त या शास्त्रास लागली.

या शिस्तीशीं मुंबईचा प्रत्यक्ष संबंध आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ लेपवरील एल-३ प्रयोगांत सहभागी होते, आणि पुढें लार्ज हॅड्रॉन कोलायडर या महायंत्रावरील सीएमएस प्रयोगांत त्यांनीं ऊर्जामापकाचा बाहेरचा थर तयार केला. प्रचंड ऊर्जेचे झोत कधीं कधीं आंतील मापकांत पुरते न विरतां बाहेर झिरपतात. ती झिरपलेली ऊर्जा मोजली गेली नाहीं, तर ‘कांहींतरी निसटलें’ असा खोटा भास होतो. तो भास होऊं न देणें, हें त्या बाहेरच्या थराचें काम.

विचाराच्या क्षेत्रांतही महाराष्ट्राचा वांटा लहान नाहीं. पुण्याच्या हुजूरपागेंत व परशुरामभाऊ महाविद्यालयांत शिकलेल्या रोहिणी गोडबोले यांनीं पुढें मुंबई विद्यापीठांत आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत अध्यापन करीत टक्कर-यंत्रांत नवे कण कोणत्या खुणांनीं ओळखावे, या प्रश्नाचा जन्मभर अभ्यास केला. मान्युएल ड्रीस व प्रबीर रॉय यांच्यासह त्यांनीं लिहिलेला अतिसममितीवरील इंग्रजी ग्रंथ २००४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि या विषयाच्या अभ्यासकांस तो उपयुक्त ठरला. २०२४ सालीं पुण्यांत त्यांचें निधन झालें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळलें पाहिजे. समजा, यंत्रांत एक न दिसणारा नवा कण खरोखरच सांपडला. तोच आकाशांतील कृष्णद्रव्य आहे, हें कशावरून? यंत्र एवढेंच सांगूं शकतें कीं, तो कण उपकरणाच्या बाहेर पडेपर्यंत जगला. म्हणजे सेकंदाच्या कोट्यंशापेक्षांही थोडा काळ. कृष्णद्रव्यास तर १३८० कोटि वर्षें जगावयाचें आहे. ही दरी केवळ एका मापानें भरून निघणारी नव्हे. २००६ सालीं बाल्ट्झ, बाताग्लिया, पेस्किन व विझान्स्की या चार शास्त्रज्ञांनीं या प्रश्नाचा सविस्तर विचार प्रसिद्ध केला. त्यांनीं अतिसममितीचीं चार काल्पनिक विश्वें कल्पिलीं, आणि प्रत्येकांत टक्कर-यंत्रें काय काय मोजूं शकतील याचें गणित केलें.

मापनाची रीत थोडक्यांत अशी. जड जोडीदार मोडतांना न्यूट्रालिनोबरोबर कधीं कधीं इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांची जोडी बाहेर टाकतो. अशा हजारों जोड्यांचें एकत्रित वस्तुमान आलेखावर मांडलें, तर आलेख एका विवक्षित ठिकाणीं एकाएकीं तुटतो. तें तुटण्याचें स्थान जड जोडीदार व न्यूट्रालिनो यांच्या वजनांतील फरकाशीं निगडित असतें. अशा अनेक कडा मोजून कणांचीं वजनें ठरवावयाचीं, वजनांवरून त्यांची घडण, घडणीवरून परस्परनाशाचा वेग, आणि त्या वेगावरून आरंभींच्या विश्वांत शिल्लक किती राहिली असेल तें काढावयाचें. ही शिल्लक उपग्रहानें मोजलेल्या शिलकीशीं ताडून पाहावयाची. दोन्ही जुळल्या, तर कृष्णद्रव्याची ओळख पटली. यंत्राची शिल्लक कमी निघाली, तर आणखी एखादें द्रव्य असावें. अधिक निघाली, तर तो कण अमर नाहीं, किंवा आरंभींच्या विश्वाविषयींची समजूतच कोठेंतरी चुकली आहे. त्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, प्रोटॉनांच्या टकरींवरून बहुतेक प्रसंगीं ढोबळ उत्तर मिळेल. आकाशाच्या मापाशीं तुल्य अशी अचूकता हवी असेल तर इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचें सरळ रेषेंतील नवें यंत्रही लागेल. भूगर्भांतील उपकरणांनीं तोच कण तितक्याच वजनाचा दाखविला, म्हणजे तिसरी साक्ष पुरी झाली. आकाश, यंत्र आणि भूगर्भ या तिन्ही साक्षी एकमुखानें बोलल्या तरच निकाल, असा हा दंडक होता.

महायंत्र १० सप्टेंबर २००८ रोजीं प्रथम चालू झालें, नऊ दिवसांनीं अपघातानें बंद पडलें, आणि २०१० सालीं त्यांत मोठ्या ऊर्जेच्या टकरी सुरू झाल्या. ४ जुलै २०१२ रोजीं हिग्ज कण सांपडल्याची घोषणा झाली. त्याचें वजन प्रोटॉनच्या सुमारें १३३ पट भरलें. पण अतिसममितीचा एकही जोडीदार आढळला नाहीं. २०१५ पासून ऊर्जा जवळजवळ दुप्पट करण्यात आली, तरीही नाहीं. ग्लुऑनाचा जोडीदार असलाच तर सर्वसाधारण मांडणीप्रमाणें तो प्रोटॉनच्या दोन हजार पटींहून जड असला पाहिजे, असें आतां म्हणावें लागतें. अमेरिकेंत साउथ डाकोटा येथील जुन्या सोन्याच्या खाणींत दीड किलोमीटर खोलीवर दहा टन द्रव झेनॉन ठेवलेलें आहे. त्यानेंही २०२२ सालच्या आपल्या पहिल्या निकालांत आणि त्यानंतरही कृष्णद्रव्याचा एकही निःसंशय धक्का नोंदविलेला नाहीं.

मग हे सारे श्रम व्यर्थ गेले काय? ज्यांनीं आयुष्याचीं तीस-चाळीस वर्षें या एका कल्पनेस वाहिलीं, त्यांना हा प्रश्न निव्वळ तात्त्विक नाहीं. प्रामाणिक उत्तर दुहेरी आहे. अतिसममितीचीं जीं सोपीं रूपें १९८० नंतरच्या दशकांत सर्वांत रम्य वाटत होतीं, त्यांपैकीं बहुतेक आतां मावळलीं आहेत. तें कबूल केलें पाहिजे. परंतु सर्व वाटा बंद झालेल्या नाहींत. न्यूट्रालिनो हिग्जच्या जोडीदारांचाच बनलेला असेल, तर आकाशाची शिल्लक पुरी पडण्यास त्याचें वजन प्रोटॉनच्या अकराशें-बाराशें पट असावें लागतें, आणि इतक्या जड न्यूट्रालिनोपर्यंत महायंत्राचा हात पोंचत नाहीं. त्याकरितां सुमारें ९१ किलोमीटर परिघाच्या नव्या यंत्राचा आराखडा सर्नमध्यें तयार झाला आहे. दुसरीकडे ॲक्सिऑनसारख्या सर्वस्वी निराळ्या, अतिशय हलक्या कणांचाही शोध चालू आहे.

शिवाय ‘नाहीं’ हें उत्तरही फुकट मिळालेलें नाहीं. जड न्यूट्रिनो नाहीं, हें १९८९ सालीं निश्चितपणें सांगतां आलें म्हणूनच शोधक पुढें सरकले. १९८४ सालीं ‘सांपडलें’ म्हणण्याची घाई झाली असतां तिला आंवर घालणारेही शास्त्रज्ञच होते. द्रव्य तेथें आहे, याविषयीं आकाशाची साक्ष दिवसेंदिवस अधिक बळकट होत गेली आहे. तें काय आहे, एवढें मात्र कोणासही सांगतां आलेलें नाहीं. अशा प्रसंगीं वहींतील फरक खोडून ताळा जमविण्याचा मोह मोठा असतो. तो मोह टाळून, फरक आहे तसा स्पष्ट अक्षरांत लिहून ठेवावयाचा आणि पान उलटून पुन्हां मोजावयास बसावयाचें, हीच झ्विकींपासून आजतागायतच्या या शोधाची खरी कमाई होय.